डिझेल, वीज आणि डावी सीट

१० ऑगस्ट, रविवार

एसटीत चालक म्हणून एकतीस वर्षं लॉगशीट भरली. गाडी कितीला निघाली, कितीला पोचली, डिझेल किती प्यायली आणि शेवटच्या रकान्यात तक्रार. निवृत्त होऊन सव्वादोन महिने झाले तरी हाताची खोड जात नाही, म्हणून ही वही आणली.

आजची नोंद: गाडी घ्यायचं नक्की झालं. छोटी एसयूव्ही. फंडाच्या पैशातून घर शाकारून झालंय, आता चार चाकं आपल्या नावाची. प्रश्न एवढाच की डिझेलची घ्यायची की विजेची. मी घाईने काही करणाऱ्यातला नाही. दोन्ही बाजू नीट तपासून, लिहून काढून मगच ठरवणार.

बायकोला, सुगंधाला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, घाट चढेल ना? म्हटलं, कुंभार्ली घाट न चढणारी गाडी मी दारात उभी करीन का? तिची आई घाटाच्या वर हेळवाकला एकटी असते, वय त्र्याऐंशी. सुगंधा दर मंगळवारी चिपळूणहून एसटीने जाते आणि तीनच्या परतीच्या गाडीसाठी आईच्या हातचा चहा अर्धा टाकून उठते. तिचा भाऊ तानाजी पुण्याला असतो. आठवड्यातून दोनदा कुणी जाणारं असेल तर आई राहू दे, नाहीतर दिवाळीनंतर मी तिला घेऊन जातो, असं त्याने बजावून ठेवलंय. म्हातारी घर सोडायला तयार नाही. मी म्हटलं, गाडी येऊ दे, मग बघू.

तक्रार: नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

शेजारच्या खेडेकर गुरुजींच्या विजेच्या गाडीत बसून आलो. हेडमास्तर होते, अजून प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतात. गाडी त्यांची, पण चालवते त्यांची सून मृणाल.

गुरुजींनी धडा सुरू केला. कंपनी साडेचारशे किलोमीटर सांगते, खरे तीनशे धरा. घाट चढताना बॅटरी भराभर उतरते, पण उतरताना पाय उचलला की गाडी आपणच वीज भरते. धूर नाही, तेल बदलणं नाही. मी विचारलं, आपल्याकडे पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते तेव्हा काय करता? म्हणाले, वीज नसली की पेट्रोल पंपसुद्धा बंदच असतो की. मी लगेच विषय बदलला. आणि पुराचं? एकवीस साली माझ्या भिंतीवर पाणी छातीपर्यंत आलं होतं. तेव्हा डिझेलच्या गाड्या काय पोहत होत्या का, असं त्यांनी विचारलं.

एक गोष्ट मात्र मला पटेना. गाडीला आवाजच नाही. आवाज नसेल तर ती धडधाकट आहे की आजारी, हे कळणार कसं?

"राहाटे, तुम्ही गाडी चालवता की तिची नाडी बघता?" गुरुजी म्हणाले.

मागच्या सीटवर सुगंधा आणि मृणाल खुदकन हसल्या. या दोघींचं हल्ली फार जमतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

डेपोतले आमचे परकार मेस्त्री आता स्वतःचं गॅरेज चालवतात. त्यांच्याकडे गेलो. डिझेल म्हणजे परकारांचा जीव. बॉनेट उघडून त्यांनी मला एका गिऱ्हाइकाची गाडी ऐकवली. खालच्या गिअरला घाटात काय ओढते! क्लच अर्धा सोडून चढावर गाडी तोलून धरायची, यात जी मजा आहे ती बटण दाबून चालणाऱ्या गाडीत नाही. दहा लिटरला किती किलोमीटर पडतात यात मी डेपोत सात वर्षं पहिला होतो. ते कसब आता काय चुलीत घालू?

परकारांनी मात्र दोन खुसपटं काढली. एक, हल्लीच्या डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. गाडी नुसती बाजार ते घर केली तर ती चोंदते. "लांब पळणाऱ्याचं इंजिन आहे ते. तू पळणार कुठे?" मी म्हटलं, बघू की.

दुसरं, "वहिनींना विचारलंस का?"

मला हसू आलं. सुगंधाला गाडीतलं काय कळतंय? रंग तेवढा तिला विचारीन.

२१ ऑगस्ट, गुरुवार

गणपती जवळ आले. सुगंधा गेला महिनाभर दुपारी चार ते साडेपाच मृणालबरोबर भजनाच्या तालमीला जाते. भजन मैदानात चालतं की काय कोण जाणे, चपला तांबड्या चिखलाने भरून येतात.

आज चहा पिताना तिने विचारलं, मागे घेताना गाडीची शेपटी डावीकडे न्यायची असेल तर चाक कुठे फिरवायचं हो? मी अर्धा तास डेपोत बस मागे कशी लावायची ते बशा मांडून समजावलं. तिने दोन शंकासुद्धा विचारल्या. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, माझ्या कामात तिने इतका रस कधी घेतला नव्हता. बरं वाटलं.

तिचा डावा गुडघा पुन्हा सुजलाय. पुरात पिंपं उचलली तेव्हापासूनचं ते दुखणं. तेल लावून बसली होती.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीला तानाजी येऊन गेला. आरतीनंतर बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, आई परवा न्हाणीत घसरली. लागलं नाही, पण शेजारणीला कळायला तास गेला. भाऊबीजेपर्यंत थांबतो, मग मी ऐकणार नाही."

सुगंधा मोदकाचं ताट घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "मी आठवड्यातून दोनदा जाईन. तीनदा जाईन. तू नेऊ नकोस."

तानाजीने विचारलं, कशी जाशील? त्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, जाईन कशीतरी. मला वाटलं ती माझ्या भरवशावर बोलतेय. गाडी लवकर घ्यायला हवी.

४ सप्टेंबर, गुरुवार

शोरूमला जाऊन दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या.

आधी विजेची. मी मागे जाऊन सामानाची जागा मापत होतो, तेवढ्यात सुगंधा चालकाच्या सीटवर जाऊन बसलेली. सीट पुढे ओढली, आरसा वाकवला, दोन्ही हात चाकावर ठेवले. शोरूमची मुलगी हसून म्हणाली, काकू शोभताहेत. मी म्हटलं, चला उतरा, खोळंबा होतोय. ती उतरली. गाडी पळाली चांगली, खोटं का बोलू, पण डावा पाय सगळा वेळ बेकार. हाताला काम नाही, पायाला काम नाही, मग मी तिथे कशाला?

मग डिझेल. पहिला गिअर टाकला आणि जीव थाऱ्यावर आला. सुगंधा शेजारी बसून रस्त्याऐवजी माझ्या पायांकडे बघत होती. चढावर ती म्हणाली, "अहो, मी काय म्हणते..." माझं बोट आपोआप वर गेलं. बसमध्ये पाटी असते, चालकाशी बोलू नये. घरातही तोच नियम आहे. हात चाकावर असताना मला कुणी बोललेलं चालत नाही, हे तिला ठाऊक आहे.

परत आल्यावर मी कागद बघत होतो, तेव्हा ती पुन्हा चालकाच्या बाजूने आत वाकली आणि हाताने क्लच दाबून पाहिला. मग शोरूमच्या मुलीला विचारलं, ही डिझेल बिनक्लचची मिळते का? मिळते म्हणे. मीच मध्ये पडून सांगितलं की आम्हाला नको, आमचे पाय शाबूत आहेत. सुगंधा गुडघा चोळत राहिली.

घरी येईपर्यंत ती काय म्हणणार होती ते विचारायचं राहून गेलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष चालू आहे, त्यामुळे बुकिंग नाही. तक्ता मात्र पुरा केला. घाटातली ओढ: डिझेल. रोजचा खर्च: वीज. पाच वर्षांनी विकताना: डिझेल. आवाज: वीज, हे गुरुजींचं मत. पुराची भीती: सारखीच. लांबचा पल्ला: डिझेल. एकूण अठरा रकाने भरले. इतका विचार करून गाडी घेणारा माणूस चिपळुणात दुसरा नसेल.

सुगंधा सकाळी आठला दातांच्या डॉक्टरकडे म्हणून गेली ती एकला आली. फार गर्दी होती म्हणे. चेहरा असा फुललेला की दात दाखवून आलेल्या माणसाचा असा चेहरा मी पाहिलेला नाही. गुणगुणत स्वयंपाक केला. मग माझ्या तक्त्याजवळ येऊन उभी राहिली, बराच वेळ. मी मान वर केली नाही, बेरीज चालली होती. शेवटी तिने विचारलं, झालं का ठरवून? म्हटलं, घटस्थापनेपर्यंत कळेल. "मग विचाराल ना मला?" म्हणाली. म्हटलं, विचारीन की, रंग तूच निवडायचास.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कालपासून डिझेलच्या छोट्या गाड्यांवरचा कर उतरला. तराजू डिझेलकडे झुकला. सकाळीच जाऊन डिझेल बुक केली, पाच गिअरवाली. एकच तयार होती, पांढरी, दसऱ्याला देतो म्हणाले. रंग विचारायचा राहिला.

सुगंधा हेळवाकहून एसटीने संध्याकाळी आली. तिला पेढा दिला. तिने विचारलं, "क्लचची?"

"मग? आपण काय खेळण्यातली घेणार?"

"बरं," म्हणाली आणि पेढा देवापुढे ठेवून आत गेली. नवरात्राचा उपास आहे, त्यामुळे थकली असेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गाडी आली. शोरूममध्ये साटीनचं झाकण ओढून काढायचं, हार घालायचा, टाळ्या वाजवायच्या, असा सगळा समारंभ असतो. पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली असते, ती घेऊन फोटो काढतात. शोरूमची मुलगी म्हणाली, किल्ली काकूंच्या हातात द्या, घरची लक्ष्मी आहे. सुगंधाने ती दोन्ही हातांनी धरली. कसं वाटतंय असं विचारलं तर म्हणाली, "गाडी छान आहे. यांना आवडली." फोटोत ती हसते आहे, पण बघते आहे किल्लीकडे.

चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मृणाल बघायला आली होती, पण पेढा न घेताच गेली. हल्लीच्या मुली गोड खात नाहीत.

भजनाची तालीम बंद झालेली दिसते.

तक्रार: नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

परवाच्या शनिवारी दोघं हेळवाकला जाऊन आलो. गाडीने घाट असा घेतला की वाहवा. म्हातारीने गाडीवरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापू, आता मंगळवार-शुक्रवार याल ना?" हो म्हणालो.

आज मंगळवार. डेपोत जुन्या सोबत्यांना गाडी दाखवायची होती, ते सकाळी अकराला जमणार होते. सुगंधाला म्हटलं, आजचा दिवस एसटीने जा, शुक्रवारी नेतो. गेल्या शुक्रवारी गाडीला नंबराची पाटी बसवायची होती म्हणून राहिलं. तिने पिशवी उचलली आणि स्टँडवर गेली. दारात गाडी उभी असताना बायको एसटीने गेली हे काही बरं दिसलं नाही, एवढं मलाही कळलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

तानाजी आईला घेऊन गेला.

आम्ही हेळवाकला पोचलो तेव्हा सामान बांधून झालं होतं. तानाजी वाईट बोलला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं. या महिन्यात किती फेऱ्या झाल्या ते त्याने विचारलं. एसटीने चार, गाडीने आज धरून दोन. म्हातारी रडली नाही. चुलीला नमस्कार केला, कुलूप लावलं आणि किल्ली सुगंधाच्या हातात दिली. "जमेल तेव्हा येऊन दिवा लावत जा गो," एवढंच म्हणाली. गाडीच्या काचेतून घर दिसेनासं होईपर्यंत मागे वळून बघत होती.

उतरताना सुगंधा सबंध घाटात एक शब्द बोलली नाही. आज मी बोट वर केलं नव्हतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पोस्टमन पाकीट देऊन गेला. गाडीच्या नोंदणीचं कार्ड यायचं होतं, म्हणून नावही न बघता फाडलं. आतून सुगंधाचा फोटो निघाला. वाहन चालवण्याचा परवाना. सौ. सुगंधा गंगाराम राहाटे. हलकी मोटार. परीक्षा पास झाल्याची तारीख १७ सप्टेंबर.

ही वही मागे उलटून पाहिली. १७ सप्टेंबरला मी काय लिहिलंय ते वाचलं. मग २१ ऑगस्ट वाचला, मग ४ सप्टेंबर. सगळं माझ्याच अक्षरात आहे. एवढं सगळं लिहिणाऱ्या माणसाला दिसलं कसं नाही?

परवाना देवापुढे ठेवला. तिने संध्याकाळी दिवा लावताना पाहिला, पदराने पुसला आणि कपाटात ठेवून दिला. तिला काही विचारायचा मला धीर झाला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मृणालला गाठलं. ती आधी काही सांगेना. मग म्हणाली, जुलैपासून कॉलेजच्या मैदानात आमच्या गाडीवर शिकत होत्या. गुडघ्यामुळे क्लच दाबवत नाही, आमच्या गाडीला तो नाहीच. "आठवड्यातून दोनदा आईकडे जायचं होतं त्यांना, तुम्हाला त्रास न देता."

मी विचारलं, मला सांगितलं का नाही?

"मी दहा वेळा म्हटलं, काका, की सांगून टाका. तर म्हणाल्या, गाडी कुठली घेऊ असं ते विचारतील ना, तेव्हा परवानाच हातात देईन. तुम्ही विचाराल अशी खातरी होती त्यांना."

गुरुजी ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. त्यांनाही ठाऊक होतं, एका मलाच नव्हतं. अठरा रकान्यांचा तक्ता केला मी, त्यात बायकोचा रकाना नव्हता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुगंधाला गाडी घेऊन मैदानात नेलं. म्हटलं, बस, चालव. ती नको म्हणत होती, मी हट्ट धरला. तीनदा गाडी बंद पडली. चौथ्यांदा क्लच दाबताना ती कळवळली, ते मी पाहिलं. तिने किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसली. "तुमची गाडी आहे, तुम्हीच चालवा," म्हणाली. रागाने म्हणाली नाही, त्याचंच वाईट वाटलं.

घरी येताना गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. परकारांकडे नेली. जाळी चोंदायला लागलीय, नुसती बाजार-घर, बाजार-घर करतोस, म्हणाले. उपाय विचारला.

"उपाय कसला? आठवड्यातून दोनदा घाट चढव, आपोआप साफ राहील."



१८ नोव्हेंबर, मंगळवार

निघालो ९.१०. हेळवाक १०.३५. गाडी गुरुजींची, विजेची. चालक: सौ. सुगंधा गंगाराम राहाटे.

काल गुरुजींकडे जाऊन मी गाडी मागितली. उभ्या आयुष्यात कुणाची गाडी मागितली नव्हती. त्यांनी लगेच किल्ली दिली. आज सकाळी सुगंधाला म्हटलं, आईच्या घरी दिवा लावून येऊ, तू ने. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग साडी बदलायला गेली.

पोफळी गाव सोडल्यावर घाट लागला. एकतीस वर्षांत या घाटात मी डाव्या बाजूला कधी बसलो नव्हतो. तिथून दरी इतकी जवळ दिसते हे मला माहीत नव्हतं. दोनदा माझा पाय नसलेल्या ब्रेकवर गेला. तिला त्याची गरज नव्हती. वळणाआधी हॉर्न, समोरच्या ट्रकला जागा, घाई नाही. डेपोत असती तर मी तिला चालकाचा बिल्ला द्यायला सांगितलं असतं.

घर थंडगार होतं. तिने दार उघडलं, केर काढला, दिवा लावला. दोन कप चहा ओतला आणि सवयीने घेतलेला तिसरा कप तसाच हातात धरून उभी राहिली. मग तो फळीवर उपडा ठेवला. तीनच्या एसटीसाठी उठायची आता घाई नव्हती, आणि सोबत बसायला आई नव्हती. आम्ही पाऊण वाजता कुलूप लावलं.

उतरताना गाडीत वीज भरत होती, गुरुजी म्हणाले होते तशी. आकडा एकेकाने वाढत होता. काय बोलायचं ते मी रात्रंदिवस जुळवत होतो. चुकलो असं म्हणायचं होतं. ती डिझेल विकून तुला हवी ती घेऊ, आईला परत आणू, असं म्हणायचं होतं, गाडी बदलली तरी आई आता येणार नाही हे कळत असूनही. चौथ्या वळणावर मी घसा साफ केला.

"सुगंधा, मी काय म्हणतो..."

तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही. स्टिअरिंगवरचं एक बोट तेवढं वर झालं.

"चालकाशी बोलू नये," ती म्हणाली.

खाली पोफळी येईपर्यंत गाडीत कसलाही आवाज नव्हता.